मुंबईची संग्रहालये : काय पाहावे, काय विचारावे?

९ मे १९१६ रोजी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी एक निबंध वाचला. भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास हा त्याचा विषय होता. बाबासाहेबांच्या संशोधनलेखनाच्या प्रारंभकाळातील हा निबंध बहुतेकांना नावाने ठाऊक असतो. पण त्याची सुरुवात कशी झाली, याकडे सहसा लक्ष जात नाही. ती झाली प्रदर्शनाच्या उल्लेखाने. मानवी संस्कृती ज्या वस्तूंनी घडली त्या वस्तूंची प्रदर्शने आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील, परंतु मानवी संस्थांचेही प्रदर्शन मांडता येईल ही कल्पना फारच थोड्यांना सुचेल, अशा आशयाची मांडणी करून त्यांनी श्रोत्यांपुढे जात ही संस्था ठेवली, आणि तिचे एकेक अंग उलगडून दाखविले.

इतिहास शिकविताना मला या प्रारंभाचा फार उपयोग झाला आहे. काचेच्या कपाटात मडके दिसते. ते घडविणाऱ्याला गावात कोणते स्थान होते, हे कपाटात दिसत नाही. तलवार दिसते, ती ओतणाऱ्याचे नाव दिसत नाही. वस्तू पाहता पाहता तिच्यामागची संस्था पाहण्याची सवय लावणे, हे संग्रहालयभेटीचे खरे प्रयोजन होय. आपल्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे मुंबईतील काही निवडक संग्रहालये या दृष्टीने मांडावीत, असा या लेखाचा हेतू आहे.

सहल आणि यात्रा

आपल्याकडे संग्रहालय हे शाळेच्या सहलीतील एक ठिकाण असते. मुले रांगेने आत जातात, रांगेने बाहेर येतात, आणि नंतर वडापाव खाताना त्यांना आतले काही आठवत नाही. या दोषाचा इलाज बावीसशे वर्षांपूर्वीच्या एका लेखात सापडतो, आणि योगायोग असा की त्या लेखाचा एक तुकडा मुंबईच्याच एका संग्रहालयात आहे.

सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा आशय असा : पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, त्यांत मृगया आणि तशाच प्रकारची करमणूक असे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीच्या स्थानी गेला आणि तेथून धम्मयात्रांचा आरंभ झाला. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांची भेट, जनपदातील लोकांचे दर्शन, धम्माचा उपदेश आणि धम्मविषयक परिपृच्छा या गोष्टी होत. परिपृच्छा म्हणजे विचारपूस, प्रश्न करणे. मौजेच्या भ्रमंतीला राजाने प्रश्नांची जोड दिली आणि तिची यात्रा केली.

आपणही तेच करावे. माझ्या विद्यार्थ्यांना मी संग्रहालयाच्या दारात पाच प्रश्न वहीत लिहून घ्यायला सांगतो :

१. ही वस्तू कोणी घडविली?
२. ती कोणासाठी आणि कोणाच्या खर्चाने घडली?
३. ती कोठे सापडली?
४. तेथून येथे कशी आली?
५. या दालनात कोण दिसत नाही?

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे पाटीवर किंवा पुस्तकात शोधता येतात. पाचवा प्रश्न मात्र पाहणाऱ्याने स्वतःच विचारावा लागतो.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय

फोर्ट भागातील या संग्रहालयाचे मूळ नाव ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम ऑफ वेस्टर्न इंडिया’. ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तत्कालीन ब्रिटिश राजपुत्राच्या हस्ते कोनशिला बसली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार उभी राहिलेली इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली. परंतु पहिल्या महायुद्धामुळे तिचा उपयोग लष्करी रुग्णालयासाठी करण्यात आला आणि १० जानेवारी १९२२ रोजी संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट, कुर्ल्याचा काळा आणि मालाडचा पिवळसर दगड ही या वास्तूची वैशिष्ट्ये आहेत. १९९८ मध्ये तिला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले.

एका वर्षी सहलीबरोबर मदतीला आलेले एक पालक गवंडीकाम करणारे होते. निघण्यापूर्वी ते मला म्हणाले होते, “सर, दगडच बघायचे तर एवढ्या लांब कशाला न्यायचं पोरांना?” इमारतीपाशी पोहोचल्यावर मात्र तेच भिंतीजवळ थांबले, दोन दगडांच्या सांध्यावरून बोट फिरवीत राहिले, आणि मग मुलांना जवळ बोलावून दगड कसा फोडतात, कसा टाकतात, कोपरा ओळंब्यात कसा धरतात हे त्यांनी पंधरा मिनिटे समजावून सांगितले. त्या दिवशीचा पहिला पाठ त्यांनी घेतला. कोनशिला कोणी बसविली हे प्रत्येक माहितीपत्रक सांगते. खाणीतून दगड काढणारे आणि तो घडविणारे पाथरवट कोण होते, हे कोणतेही माहितीपत्रक सांगत नाही. आमचा पाचवा प्रश्न तेथे, संग्रहालयात पाऊल टाकण्यापूर्वीच सुरू झाला.

आत गेल्यावर आपल्या लोकांनी आवर्जून शोधावयाच्या दोन गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे सोपाऱ्याचे अशोकलेख. आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरील गजबजलेले बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना येथे आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ मध्ये नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. ब्राह्मी लिपी आणि प्राकृत भाषा असलेले हे दगड पाहताना प्रथम निराशा होण्याचा संभव आहे, कारण त्यावर मोजकीच अक्षरे शिल्लक आहेत. मग पूर्ण आशय कळला कसा? गिरनार, कालसी आदी ठिकाणी हेच लेख अधिक चांगल्या स्थितीत आढळले आहेत; त्यांच्याशी ताडून तुकड्याची जागा ठरविता येते. इतिहासाचे शास्त्र म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला समजावून सांगण्यास याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

नवव्या लेखाचा विषय तर आजही घराघरांत वादाचा आहे. आजारपण, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना प्रकारची मंगलकार्ये करतात. त्यांचे फळ अल्प आहे. धम्ममंगल मात्र मोठे फळ देते, आणि दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, दान या गोष्टी म्हणजेच धम्ममंगल, असे अशोक सांगतो. कर्जे काढून लग्ने करणाऱ्या आपल्या समाजाने हा दगड पाहून यावा. तथापि तो भाबडेपणाने वाचू नये. क्षुल्लक विधी करण्याचा दोष त्यात विशेषतः स्त्रियांना दिलेला आहे, आणि दासांशी नीट वागा असे सांगताना दासप्रथाच मोडून काढा असे अशोक म्हणत नाही. आमच्या वर्गातील मुलींनी हे दोन्ही मुद्दे स्वतःहून काढले, तेव्हा शिक्षक म्हणून मला समाधान वाटले. आदर आणि चिकित्सा यांत विरोध नाही.

दुसरी गोष्ट मीरपूर खासची. सिंधमधील मीरपूर खास येथील विटांच्या स्तूपाचे उत्खनन हेन्री कझिन्स यांनी १९०९-१० मध्ये केले. तेथील भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती आणि हातात फूल घेतलेल्या उपासकाची मूर्ती या संग्रहालयात आहेत. या शिल्पांसमोर चौथा प्रश्न विचारावा : सिंधमधील बुद्ध मुंबईत कसा आला? उत्तर राजकीय आहे. त्या काळी सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. तो १९३६ मध्ये वेगळा झाला. इलाख्यात सापडलेल्या वस्तू इलाख्याच्या राजधानीत आल्या. पुढे फाळणी झाली. स्तूपाची जागा एका देशात आणि त्यावरील शिल्पे दुसऱ्या देशात राहिली. त्या उपासकाने कोणत्या ओढीने ते फूल हाती घेतले असेल ते असो, त्याचा स्तूप आणि तो यांच्यामध्ये आज सीमारेषा आहे.

सोपाऱ्याचा करंडक आणि एशियाटिक सोसायटी

संग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर हॉर्निमन सर्कलजवळ टाउन हॉलची भव्य पायऱ्यांची इमारत आहे. १८०४ मध्ये स्थापन झालेल्या विद्वत्सभेतून वाढलेली एशियाटिक सोसायटी येथे आहे. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्येच सोपाऱ्याजवळील ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाच्या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा तेथे स्तूपाचे अवशेष मिळाले. आत विटांच्या कोठडीत दगडी पेटी होती. पेटीत आठ कांस्यमूर्ती आणि एकात एक बसणारे तांबे, चांदी, दगड, स्फटिक व सोने यांचे करंडक होते. सोन्याची फुले होती, आणि भिक्षापात्राचे म्हणून जपलेले काही तुकडे होते. हा ठेवा सोसायटीच्या स्वाधीन करण्यात आला. तो पाहण्याची व्यवस्था केव्हा व कशी होऊ शकेल, याची विचारणा शाळेने अगोदर पत्र लिहून करावी.

या ठेव्यातील क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. सर्वांत मौल्यवान धातूच्या आत सर्वांत साधी वस्तू, म्हणजे भिक्षा मागण्याच्या पात्राचे तुकडे. आणि टेकाडाच्या नावात बुरुड हा शब्द टिकून राहिला आहे. स्तूपाची ओळख पुसली गेल्यावर गावाने त्या जागेला असे नाव का दिले असेल, यावर तर्क करता येतील. परंतु पुरावा नसेल तेथे तर्काला तर्कच म्हणावे, ही शिस्त आपण पाळली पाहिजे.

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानालगत, म्हणजे आपल्या राणीच्या बागेपाशी, मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय आहे. १८५० च्या दशकात फोर्टमधील बराकीत जमविलेला संग्रह १८५७ च्या धामधुमीत विस्कटला. पुढे जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी, जॉर्ज बर्डवुड आदींच्या प्रयत्नांतून नवी वास्तू उभी राहिली आणि १८७२ मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ या नावाने ती खुली झाली. १९७५ मध्ये तिला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतील हे डॉक्टर रुग्णसेवेबरोबर शिलालेखांचेही अभ्यासक होते. अजिंठ्याच्या लेखांच्या वाचनात त्यांचा वाटा आहे. अनेक वर्षांच्या जीर्णोद्धारानंतर २००८ मध्ये हे संग्रहालय नव्याने उघडले.

येथील मातीच्या लहान मूर्ती प्रसिद्ध आहेत. मुंबई इलाख्यातील निरनिराळ्या जाती-जमाती, त्यांचे पोशाख, पगड्या, व्यवसाय असे सारे त्यांत मोठ्या कसबाने दाखविले आहे. मुलांना ही दालने फार आवडतात. तेथेच सातवीतील एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, पाटीवर जात आहे, काम आहे, यांचं नाव का नाही?”

या एका प्रश्नात वासाहतिक संग्रहालयाची सारी दृष्टी उघड होते. राज्यकर्त्यांना प्रजा मोजायची होती, वर्गीकरण करायचे होते. माणूस हा माणूस म्हणून त्यांना नको होता, नमुना म्हणून हवा होता. अमुक जातीचा माणूस असा दिसतो, असे कपडे घालतो, असे काम करतो, असे एकदा कपाटात मांडले की जात ही निसर्गाने घडविलेली गोष्ट वाटू लागते, जणू फुलांच्या आणि पक्ष्यांच्या जातीच. बाबासाहेबांनी १९१६ च्या निबंधात नेमके याच्या उलट केले. जात कोणती व कशी दिसते यापेक्षा जात चालते कशी, हे त्यांनी दाखविले. आपल्याच गटात विवाह करण्याचे बंधन हा जातीचा कणा आहे, आणि ते बंधन टिकविण्यासाठी स्त्रियांवर सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह लादले गेले, हे त्यांचे प्रतिपादन होय. मूर्ती पाहून झाल्यावर बाकावर बसवून मुलांना हे सांगितले, तर कपाट आणि पुस्तक यांची गाठ पडते.

या संग्रहालयापासून परळ दूर नाही. तेथील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, कामगारांच्या वस्तीत, बाबासाहेब १९१२ ते १९३४ या काळात राहिले. म्हणजे ज्या काळात भायखळ्याच्या कपाटांत माणसे जातीच्या पाटीखाली उभी होती, त्याच काळात जवळच्याच चाळीतील एका खोलीत ती पाटी पुसून टाकण्याची सिद्धता चालली होती. ही दोन स्थळे एकाच दिवशी पाहावीत.

उद्यानाच्या आवारातील दगडी हत्तीकडेही पाहून यावे. हा मूळचा घारापुरी बेटावरचा. याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिले. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो उचलताना पडून फुटला. पुढे तुकडे मुंबईत आणून १९१४ मध्ये ते जोडण्यात आले. नावाचे बेट एकीकडे आणि नाव देणारा हत्ती दुसरीकडे. चौथ्या प्रश्नाचे इतके उघड उत्तर क्वचित मिळते.

रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय

फोर्टमधील सर फिरोजशहा मेहता मार्गावर रिझर्व्ह बँकेचे चलनविषयक संग्रहालय आहे. २००४ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कवड्यांपासून आहत नाणी, राजवटींची नाणी, हुंड्या आणि कागदी नोटांपर्यंतचा प्रवास येथे पाहावयास मिळतो. नाणे हा सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत लबाड असा दोन्ही प्रकारचा साक्षीदार असतो. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा उमटविलेला होता. राज्य बदलले की जुन्याच चांदीवर नवे नाव येते. खालचे पुसट नाव वाचण्याची कला इतिहासाच्या विद्यार्थ्याने शिकावी.

आपल्या दृष्टीने या संग्रहालयाचे आणखी एक महत्त्व आहे. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. आयोगाने १९२६ मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ पासून रिझर्व्ह बँकेचे कामकाज सुरू झाले. आपल्या सभांतून काही वेळा याहून पुष्कळ पुढची विधाने केली जातात. ती टाळावीत. ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गटेच्या मताचा आधार घेऊन खरे आणि खोटे, निश्चित आणि अनिश्चित वेगळे करणे हे इतिहासकाराचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. जे निश्चित आहे तेवढे सांगितले तरी ते थोडे नाही : ज्या मुलाला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नव्हता, त्याने पुढे रुपयाच्या प्रश्नावर आयोगापुढे अधिकाराने मत मांडले. यावर अतिशयोक्तीचा मुलामा कशाला?

मणिभवन आणि राजगृह

ही दोन घरे एका पाठात शिकवावीत, असे माझे मत आहे.

गावदेवीतील मणिभवन हे १९१७ ते १९३४ या काळात महात्मा गांधींचे मुंबईतील निवासस्थान होते. आज तेथे ग्रंथालय, छायाचित्रे आणि गांधींच्या जीवनातील प्रसंगांचे लहान देखावे आहेत. १४ ऑगस्ट १९३१ रोजी याच वास्तूत बाबासाहेब आणि गांधीजी यांची पहिली भेट झाली. ज्या भूमीत आम्हाला कुत्र्या-मांजरांहून हीन वागविले जाते, पाणीही मिळत नाही, त्या भूमीला मायभूमी कसे म्हणू, असा बाबासाहेबांच्या बोलण्याचा आशय होता. दुसऱ्या गोलमेज परिषदेपूर्वीची ही भेट दोघांतील मतभेद मिटवू शकली नाही. तेथे गेलेल्या विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजूंचे साहित्य वाचून जावे, वर्गात दोन गट करून त्या संवादावर चर्चा करावी. घोषणा देण्याचे ते स्थळ नव्हे.

दादरच्या हिंदू कॉलनीतील राजगृह ही वास्तू बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात मुख्यतः ग्रंथांसाठी उभारली. मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव त्यांनी तिला दिले. त्यांच्या स्मृतींशी निगडित वस्तू आणि छायाचित्रे तेथे पाहता येतात. ६ डिसेंबरला लाखो अनुयायी चैत्यभूमीवर येतात, त्यांतील अनेकजण राजगृहालाही वंदन करून जातात. वंदन अवश्य करावे; परंतु एरवीच्या एखाद्या शांत दिवशी मुलांना तेथे न्यावे आणि एकच प्रश्न द्यावा : चाळीतील खोलीतून निघालेल्या माणसाने घर बांधताना प्रथम पुस्तकांच्या जागेचा विचार का केला असेल? हे उत्तर मुलांनी पालकांना घरी जाऊन सांगावे.

कान्हेरी : छत नसलेले संग्रहालय

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभरावर लेण्यांचा कान्हेरीचा समूह आहे. नेहमीच्या अर्थाने ते संग्रहालय नव्हे. पण आमच्या दुसऱ्या प्रश्नाचे, कोणाच्या खर्चाने या प्रश्नाचे, सर्वांत स्वच्छ उत्तर येथे दगडावर कोरलेले आहे. येथील ब्राह्मी लेखांत दात्यांची नावे आहेत. त्यांत व्यापारी आहेत, भिक्षू-भिक्षुणी आहेत, कल्याणचा सोनार आहे, लोहार आहे. भायखळ्याच्या मूर्तींना नाव नाही. कान्हेरीच्या लोहाराचे नाव सुमारे दोन हजार वर्षांनंतरही वाचता येते. कारागीर जेथे स्वतः दाता होता, तेथे त्याचे नाव टिकले. हा फरक मुलांनी स्वतः पाहून अनुभवावा; तो सांगून पुरेसा समजत नाही.

जाण्यापूर्वी आणि आल्यावर

काही व्यवहाराच्या गोष्टी. एका दिवसात एक संग्रहालय, आणि त्यातही दोन किंवा तीन दालने पुरेत. फोर्टमधील तिन्ही ठिकाणे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस किंवा चर्चगेट स्थानकावरून पायी गाठता येतात; राणीच्या बागेसाठी भायखळा, मणिभवनसाठी ग्रँट रोड, राजगृहासाठी दादर आणि कान्हेरीसाठी बोरिवली स्थानक सोयीचे. साप्ताहिक सुटी सर्वत्र एकच नाही. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते, कान्हेरी सोमवारी. वेळ आणि शाळांसाठीची सवलत यांची चौकशी अगोदर करावी. प्रत्येक मुलाने एक वस्तू निवडून तिच्यासमोर किमान दहा मिनिटे बसावे, तिचे चित्र वहीत काढावे, पाच प्रश्नांची उत्तरे लिहावीत. मोबाईलवर छायाचित्र घेतले की पाहणे संपते. चित्र काढायला घेतले की पाहणे सुरू होते. परत आल्यावर आठवड्याच्या आत वर्गात प्रत्येकाने पाच मिनिटे बोलावे.

आणि बुद्धमूर्ती दिसताच हात जोडून पुढच्या दालनाकडे वळण्याची आपली सवय थोडी बदलावी. हात जोडावेत, त्यानंतर पाटी वाचावी, दगड कोणता, शतक कोणते, मुद्रा कोणती, हे पाहावे. तथागतांनी कालाम लोकांना सांगितले ते ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, हेच ना? भारतीय संविधानाच्या ५१-क या अनुच्छेदातही संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे आणि विज्ञाननिष्ठ दृष्टी व जिज्ञासा वाढविणे ही दोन्ही नागरिकांची मूलभूत कर्तव्ये म्हणून सांगितली आहेत. संग्रहालयात ही दोन्ही कर्तव्ये एकाच वेळी पार पाडता येतात.

आपले स्वतःचे दालन

मुंबईच्या सर्व संग्रहालयांत पाचवा प्रश्न विचारून झाल्यावर एक गोष्ट लक्षात येते. आपल्या आजी-आजोबांचे जीवन त्या दालनांत फार थोडे आहे. राजाची ढाल आहे, सरदाराची पालखी आहे. पण तराळकीची काठी, गिरणीतील बदली कामगाराचे ओळखपत्र, १९५६ साली धम्मदीक्षेसाठी नागपूरला गेलेल्या बाईने त्या दिवशी नेसलेले पांढरे लुगडे, हे कोठे आहे? याची तक्रार करीत बसण्यात अर्थ नाही. कोणी जपले नाही, कारण जपण्यासारखे आहे असे कोणी मानले नाही; आणि पुष्कळदा आपणही मानले नाही. घर नवे बांधताना जुनी पेटी भंगारवाल्याला दिली जाते, आणि एका पिढीचा पुरावा किलोच्या भावाने जातो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे एक सूचना ठेवतो. आपल्या शाळेतील एक खोली संग्रहासाठी राखून ठेवावी. तिच्यात वसतिगृहात आलेल्या पहिल्या तुकड्यांच्या पत्र्याच्या पेट्या, ॲल्युमिनियमची ताटे, जुनी हजेरीपटे, शिष्यवृत्तीची पत्रे, समता सैनिक दलाच्या टोप्या, लग्नपत्रिका, सभांची हस्तपत्रके, घरातील जाते, गवंड्याची थापी आणि ओळंबा, असे जे मिळेल ते ठेवावे. मोठा खर्च नको. दोन कपाटे आणि एक नोंदवही पुरे. मात्र नोंदवही काटेकोर हवी. प्रत्येक वस्तूपुढे ती कोणी वापरली, कोणत्या गावची, साधारण कोणत्या सालची, कोणी दिली, आणि ज्यांनी दिली त्यांनी तिच्याविषयी काय सांगितले, हे लिहिले जावे. वस्तू देणे शक्य नसेल तर तिचे छायाचित्र आणि माहिती द्यावी. वृद्ध मंडळींच्या आठवणी मुलांनी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्याव्यात. हे काम पुढच्या दहा वर्षांत झाले नाही तर सांगणारी माणसेच उरणार नाहीत.

आणि एक नियम आपल्या दालनात पहिल्या दिवसापासून पाळावा. तेथील कोणत्याही पाटीवर केवळ जात किंवा केवळ व्यवसाय लिहिलेला नसावा. ज्याची ती वस्तू, त्या माणसाचे पूर्ण नाव पाटीवर सर्वांत वर असावे.